श्वासाचा हिशेब

आमच्या मळ्यात एक जुनी दगडी विहीर होती. उन्हाळ्याच्या सुटीत दुपार कलली, की गावातील दहापंधरा मुले तिच्या काठावर जमत. लहानांच्या पाठीला वाळलेला भोपळा किंवा पांगाऱ्याचा ओंडका बांधून त्यांना पाण्यात सोडले जाई. मोठी मुले मात्र पायऱ्यांवरून, थारोळ्यावरून, कधी शेजारच्या आंब्याच्या फांदीवरून उड्या घेत. पोहण्याचा कंटाळा आला, म्हणजे बुडी मारण्याची पैज लागे. एकाने पाण्याखाली जावयाचे, इतरांनी काठावरून मोठ्याने आकडे मोजावयाचे, आणि ज्याचा आकडा सर्वांत मोठा, तो त्या दिवसाचा राजा!

हा मान बहुधा माझे चुलतबंधू अण्णा यांना मिळे. त्यांची एक युक्ती होती. बुडी मारण्यापूर्वी ते शेवटच्या पायरीवर उभे राहत आणि तोंड उघडे ठेवून लोहाराच्या भात्याप्रमाणे भराभर वीसपंचवीस खोल श्वास घेत व सोडत. “छातीत हवा भरून घेतो,” असे ते सांगत. आम्हां लहानांना ते अगदी पटे. प्रवासाला निघताना फिरकीचा तांब्या काठोकाठ भरून घ्यावा, तसाच हा प्रकार आहे, असे आम्हांला वाटे.

१९६८ च्या मे महिन्यातील ती दुपार मला अजून स्पष्ट आठवते. मी अकरा वर्षांचा होतो; अण्णा पंधरा वर्षांचे. त्या दिवशी त्यांनी नेहमीपेक्षा अधिक श्वास घेतले आणि बुडी मारली. आम्ही मोजू लागलो. ऐंशी झाले, नव्वद झाले, शंभर झाले. आम्ही आनंदाने टाळ्या पिटत होतो. पाण्यावर ना खळबळ, ना हातपाय मारल्याची खूण. विहिरीवरच्या इंजिनाजवळ बसलेले तात्या मात्र एकाएकी उठले आणि अंगावरच्या कपड्यांनिशी त्यांनी विहिरीत उडी घेतली. त्यांनी अण्णांना वर आणले तेव्हा अण्णांचे ओठ निळे पडले होते आणि मान लुळी झाली होती. काही क्षण आमच्यापैकी कोणाच्याही तोंडून शब्द फुटला नाही. मग अण्णांना जोराचा ठसका लागला आणि त्यांनी डोळे उघडले.

त्या रात्री सर्वांनी त्यांना एकच प्रश्न विचारला, “जीव गुदमरू लागला तेव्हा वर का आला नाहीस?” त्यांचे उत्तर ऐकून सारे चकित झाले. ते म्हणाले, “गुदमरलेच नाही. अगदी बरे वाटत होते. मग पुढचे काही आठवत नाही.” आजीने हे विहिरीतल्या आसरांचे काम ठरविले आणि दुसऱ्या दिवशी विहिरीवर खणानारळाची ओटी भरली. त्या वीसपंचवीस श्वासांवर मात्र कोणीही संशय घेतला नाही. पुढे मी शिक्षक झालो, शरीरशास्त्राची काही पुस्तके वाचण्यात आली, तेव्हा कोठे मला त्या दुपारचा उलगडा झाला. तो सांगण्यापूर्वी श्वास म्हणजे काय, याची थोडी ओळख करून घेऊ.

तुमच्यापैकी एखादा म्हणेल, “गुरुजी, श्वास काय कोणी शिकवावा लागतो? जन्मल्याबरोबर तो आपोआप सुरू होतो, झोपेतही चालतो.” हे अगदी खरे आहे. आपल्या योगग्रंथांत माणूस दिवसरात्रीत २१,६०० श्वास घेतो, असे सांगितले आहे. मिनिटाला १५ या हिशेबाने तुम्ही स्वतःच गुणाकार करून पाहा; बरोबर तेवढेच उत्तर येईल. आजचे वैद्यकशास्त्रही स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसाचे मिनिटाला १२ ते २० श्वास सांगते. तुमच्या वयाच्या मुलांचे त्याहून थोडे अधिक असतात. जी गोष्ट आपण दिवसातून वीस हजार वेळा करतो, ती नकळत बिघडलेली असली, तर तो बिघाडही दिवसातून वीस हजार वेळा घडतो.

तो बिघाड कोणता, हे पाहावयाचे असेल तर घरातील पाळण्यात निजलेल्या तान्ह्या बाळाकडे काही वेळ पाहावे. त्याची छाती जवळजवळ स्थिर असते. वरखाली होत असते ते त्याचे इवलेसे पोट. मग पाचवीसहावीतील एखाद्या मुलाला “मोठा श्वास घे पाहू!” असे सांगावे. तो तत्काळ खांदे कानापर्यंत उचलतो, छाती फुगवितो आणि पोट मात्र आत ओढून घेतो. बाळाला जे न शिकता येते, ते हा मुलगा विसरला आहे. यात दोष त्याचा एकट्याचा नाही. वर्षानुवर्षे आम्ही कवायतीच्या मैदानावर मुलांना “छाती बाहेर, पोट आत!” असा हुकूम देत आलो. मुख्याध्यापक या नात्याने मीही तो मोठ्या अभिमानाने ऐकला आहे. ताठ उभे राहणे चांगलेच. परंतु पोट आवळून धरलेल्या मुलाने श्वास घ्यावा तरी कोठून, हा विचार त्या वेळी माझ्या मनात आला नाही.

कारण असे, की फुप्फुसांना स्वतःहून फुगता येत नाही. ती स्पंजासारखी मऊ असतात. त्यांना ताणून मोठे करणारे स्नायू त्यांच्यात नाहीत. हे काम मुख्यतः श्वासपटल करते. श्वासपटल म्हणजे छाती आणि पोट यांच्यामध्ये आडवा पसरलेला एक स्नायूचा पडदा. विसावलेल्या स्थितीत तो पालथ्या घातलेल्या कढईसारखा घुमटाकार असतो. मेंदूकडून आज्ञा आली, की हा घुमट आकुंचन पावून खाली सपाट होऊ लागतो. छातीची पोकळी वाढते आणि बाहेरची हवा नाकावाटे आत शिरते. पोटातील यकृत, जठर, आतडी यांना खाली व पुढे सरकावे लागते, आणि म्हणूनच पोट किंचित पुढे येते. पोटात हवा जाते असा याचा अर्थ नव्हे. पटल ढिले पडले, की फुप्फुसे आपल्या लवचिकपणाने पूर्ववत होतात आणि हवा बाहेर पडते. बरगड्यांमधील स्नायू या कामी मदत करतात. मानेचे आणि खांद्याचे स्नायू मात्र धावण्यासारख्या कष्टाच्या प्रसंगासाठी राखून ठेवलेले मदतनीस आहेत. बाकावर बसून धडा वाचतानाही ज्याचे खांदे हलतात, तो या मदतनिसांना विनाकारण राबवीत असतो.

आता खऱ्या हिशेबाकडे वळू. प्रौढ माणूस स्वस्थ असताना एका श्वासात सुमारे ५०० मिलिलिटर हवा आत घेतो. ही सगळीच हवा उपयोगी पडते काय? नाही. नाक, घसा, श्वासनलिका व तिच्या शाखा यांतच सुमारे १५० मिलिलिटर हवा अडकून राहते. रक्ताला प्राणवायू मिळतो तो फुप्फुसांच्या अगदी टोकाशी असलेल्या सूक्ष्म वायुकोशांत. असे वायुकोश आपल्या शरीरात कोट्यवधी आहेत. वाटेतच थांबलेली हवा तेथवर पोहोचतच नाही. श्वास सोडताच ती जशीच्या तशी बाहेर टाकली जाते.

शेतकऱ्यांच्या मुलांना हे चटकन समजेल. विहिरीवरील इंजिन सुरू केले, की पाणी आधी पाटातून वाहत जाते आणि मग वाफ्यात पडते. समजा, एखाद्याने इंजिन दोन मिनिटे चालविले आणि बंद केले, पुन्हा दोन मिनिटे चालविले आणि बंद केले. दिवसभर इंजिनाची धडधड ऐकू येईल, डिझेलही जळेल; पण पाणी पाटातच जिरून जाईल आणि टोकाचा ऊस वाळलेला राहील. आखूड श्वासाचे असेच होते.

दोन माणसे घ्या. पहिला मिनिटाला १२ श्वास घेतो, प्रत्येक श्वास ५०० मिलिलिटरचा. दुसरा घाईने ३० श्वास घेतो, पण प्रत्येक श्वास २०० मिलिलिटरचाच. दोघांनीही मिनिटाला ६,००० मिलिलिटर, म्हणजे ६ लिटर हवा घेतली. वरवर पाहता दोघे सारखेच. आता प्रत्येक श्वासातून वाटेतले १५० मिलिलिटर वजा करा. पहिल्याच्या वायुकोशांत दर श्वासाला ३५० प्रमाणे ४,२०० मिलिलिटर ताजी हवा पोहोचली. दुसऱ्याच्या वाट्याला दर श्वासाला ५० प्रमाणे १,५०० मिलिलिटरच आली. श्रम दुसऱ्याने अधिक केले आणि कमाई पहिल्याने जवळजवळ तिप्पट केली! हे गणित मी प्रथम कागदावर मांडले, तेव्हा मला आकड्यांची चूक झाली असेल असे वाटले व मी ते पुन्हा करून पाहिले.

श्वास नाकाने घ्यावा, हे तुम्हांला घरी अनेकदा सांगितले गेले असेल. त्याची कारणे थोडक्यात सांगतो. नाकातील केस धूळ अडवितात. आतील चिकट ओलावा बारीक कण धरून ठेवतो. नाकाच्या आत वळ्या घातलेल्या पडद्यांवरून जाताना हवा ऊबदार व दमट होते. माघ महिन्यातील पहाटेची बोचरी हवाही घशापर्यंत जाईतो बरीच कोमट झालेली असते. नाकाच्या आसपासच्या पोकळ्यांत नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू अल्प प्रमाणात तयार होतो व श्वासाबरोबर फुप्फुसांत जाऊन तेथील रक्तवाहिन्या रुंदावण्यास साहाय्य करतो, हे शास्त्रज्ञांना १९९० नंतरच्या दशकात समजले. तोंडाला यांतील फारसे काही साधत नाही. एक गंमतही करून पाहा. थंडीच्या दिवसांत स्टीलची ताटली नाकाखाली धरून श्वास सोडला, तर तिच्यावर वाफेचे दोन डाग उमटतात. बहुधा ते सारखे नसतात. दोन्ही नाकपुड्या एकाच वेळी सारख्या मोकळ्या क्वचितच असतात आणि काही तासांनी त्यांची पाळी बदलते. आपल्या योगी पुरुषांनी ही गोष्ट पूर्वीच हेरून ठेवली होती.

ज्याला रोज रात्री तोंडाने श्वास घ्यावा लागतो, जो घोरतो किंवा ज्याचे नाक महिनेच्या महिने चोंदलेले असते, त्याने मात्र डॉक्टरांकडे जावे. नाकामागील गाठी वाढलेल्या असल्या, तर केवळ उपदेशाने नाक मोकळे होत नाही.

येथे कोणी म्हणेल, “मग जितकी अधिक हवा घ्यावी तितके उत्तम!” अण्णांचीही हीच समजूत होती, आणि ती मोठ्या माणसांतही फार पसरलेली आहे. ती तपासून पाहू. निरोगी माणूस स्वस्थ बसला असताना त्याच्या धमन्यांतील रक्त शंभरापैकी सुमारे ९५ ते ९९ भाग प्राणवायूने आधीच भरलेले असते. भरलेल्या घागरीत आणखी पाणी ओतले, तर ते सांडणारच. आपण आत घेतो त्या हवेत प्राणवायू शेकडा २१ असतो आणि बाहेर सोडतो त्या हवेतही तो शेकडा १६ च्या आसपास उरलेला असतो. म्हणजे शरीर मिळाला तेवढा प्राणवायूही पुरता वापरीत नाही.

या बाबतीत महाराष्ट्रातील एका संशोधकाचे स्मरण केले पाहिजे. स्वामी कुवलयानंद (१८८३ ते १९६६) यांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली आणि योगाच्या क्रिया यंत्रांच्या साहाय्याने मोजून पाहण्याचे काम आरंभिले. त्याच वर्षी त्यांनी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिकही सुरू केले. स्वतः योगाचे अभिमानी असूनही प्राणायामामुळे शरीरात जादा प्राणवायू साठतो, ही लोकप्रिय समजूत त्यांनी प्रयोगांती नाकारली. प्राणायामाचे मोल अन्य गोष्टींत, विशेषतः मज्जासंस्थेवर होणाऱ्या त्याच्या परिणामात आहे, असे त्यांचे म्हणणे होते. आपल्याला प्रिय असलेल्या गोष्टीविषयीसुद्धा खोटी बढाई मान्य न करणे, हे मला त्यांच्या कार्यातील फार मोठे वाटते.

मग भराभर खोल श्वास घेतल्याने होते तरी काय? प्राणवायू फारसा वाढत नाही. परंतु कार्बन डायऑक्साइड मात्र शरीरातून वेगाने निघून जातो. हा वायू टाकाऊ, तो गेला तर बरेच झाले, असे तुम्हांला वाटेल. येथेच खरी मेख आहे. आपला जीव गुदमरू लागतो, श्वास घेण्याची अनावर इच्छा होते, ती मुख्यतः प्राणवायू कमी झाल्यामुळे नव्हे, तर रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे. मेंदूच्या तळाशी असलेले केंद्र या वायूच्या प्रमाणावर सतत पहारा ठेवून असते. जॉन स्कॉट हॉल्डेन आणि जॉन प्रीस्टली या दोन शास्त्रज्ञांनी १९०५ साली ही गोष्ट प्रयोगांनी दाखवून दिली. (याच हॉल्डेन यांचे पुत्र, प्रसिद्ध जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन, पुढे १९५७ साली भारतात येऊन राहिले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वर येथे त्यांचे निधन झाले.)

आता त्या दुपारकडे परत चला. अण्णांनी पायरीवर उभे राहून जे वीसपंचवीस श्वास घेतले, त्यांनी छातीत जादा प्राणवायू भरला गेला नाही म्हटले तरी चालेल. धोक्याची घंटा वाजविणारा पहारेकरी मात्र झोपी गेला. पाण्याखाली प्राणवायू क्षणाक्षणाने कमी होत होता. कार्बन डायऑक्साइड मुळातच इतका घटला होता, की तो घंटा वाजविण्याइतका वाढण्यापूर्वीच मेंदूला प्राणवायू अपुरा पडला आणि शुद्ध हरपली. म्हणूनच ते गुदमरले नाहीत, धडपडले नाहीत, आणि आम्ही काठावर टाळ्या वाजवीत राहिलो. तात्या त्या दिवशी इंजिनाजवळ नसते, तर तो आकडा आम्ही किती वेळ मोजत राहिलो असतो कोण जाणे.

मुलांनो, तुमच्यापैकी पुष्कळजण विहिरीत, नदीत किंवा तलावात पोहत असाल. पोहणे अवश्य शिका. परंतु बुडी मारण्यापूर्वी असे भराभर श्वास कधीही घेऊ नका, पाण्याखाली दम धरण्याच्या पैजा लावू नका आणि जाणत्या माणसाच्या देखरेखीवाचून पाण्यात उतरू नका. चांगले पोहणारेही अशा रीतीने बुडाले आहेत. त्यांची धडपड कोणाला दिसत नाही, कारण ती झालेलीच नसते.

हाच प्रकार जमिनीवरही, सौम्य रूपात, घडतो. एकदा शालान्त परीक्षेच्या केंद्रावर मी पर्यवेक्षण करीत होतो. गणिताची प्रश्नपत्रिका हाती पडताच एक मुलगी एकाएकी पांढरीफटक पडली. तिच्या बोटांना मुंग्या येत होत्या, डोके गरगरत होते. कोणी म्हणाले, उपाशी आली असेल. कोणी ग्लुकोजचे पाणी आणावयास धावले. मी पाहिले, तर ती भीतीने भराभर, तोंडाने धापा टाकीत होती. मी तिच्याजवळ बसलो आणि म्हटले, “बाळ, प्रश्नपत्रिका पालथी ठेव. घेण्याची घाई करू नकोस. नुसता हळूहळू सोड. गरम दुधावर फुंकर घालतेस तशी.” पाचसात मिनिटांत तिच्या बोटांच्या मुंग्या गेल्या व तिने लिहावयास सुरुवात केली. त्या फुंकरीत माझे काहीच कौशल्य नव्हते. श्वास सावकाश झाला, कार्बन डायऑक्साइड पूर्ववत झाला, एवढेच. शुद्ध हरपणे, छातीत दुखणे अशी लक्षणे असतील, तर मात्र फुंकरीवर विसंबून न राहता डॉक्टरांना बोलवावयास हवे.

श्वास सोडण्यावर मी एवढा भर का देतो, हे तुम्हांला तुमच्या मनगटावरच कळेल. अंगठ्याच्या मुळाशी दुसऱ्या हाताची दोन बोटे ठेवून नाडी शोधा आणि सावकाश श्वास घ्या व सोडा. श्वास आत जाताना नाडी किंचित जलद होते आणि बाहेर पडताना मंदावते. मुलांमध्ये हा फरक विशेष स्पष्ट असतो. लांब सोडलेल्या श्वासाने मन शांत का वाटते, याचा एक धागा येथे आहे. इटलीतील संशोधकांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात असे आढळले, की ख्रिस्ती भाविकांची लॅटिनमधील जपमाळ म्हणताना आणि योगातील मंत्र म्हणताना लोकांचा श्वास मिनिटाला सुमारे ६ इतका मंद होतो, आणि हृदयाच्या व रक्तदाबाच्या लयींवर त्याचा चांगला परिणाम दिसतो. धर्म निराळे, भाषा निराळ्या. श्वासाची चाल मात्र एक. हे वाचले तेव्हा मला पहाटे जात्यावर ओव्या म्हणणारी माझी आजी आठवली. तिची एक ओळ एका लांब श्वासावर तरंगत जाई, आणि ओळ संपली की ती क्षणभर थांबे.

अभ्यास म्हणून काय करावे, ते सांगतो. सतरंजीवर उताणे निजा, गुडघे थोडे वर घ्या आणि हेच पाठ्यपुस्तक बेंबीवर ठेवा. तोंड मिटून नाकाने चार अंक मोजत श्वास घ्या. पुस्तक हळूच वर आले पाहिजे. सहा अंक मोजत सोडा. पुस्तक खाली जाईल. मध्ये श्वास कोंडू नका आणि जोर लावू नका. तुमचे अंक सेकंदाच्या गतीने चालले, तर मिनिटाला सहा श्वास होतील. तेवढे न जमले, तर तीन अंकांनी घ्या आणि चारांनी सोडा; ओढाताण करण्याचे कारण नाही. जेवणानंतर लगेच हे करू नका, आणि चक्कर आल्यासारखे वाटले तर थांबा. रोज पाच मिनिटे पुरेत. काही दिवसांनी बसून, मग चालताना तसा श्वास येऊ लागतो. कमरेचा पट्टा एक भोक सैल केलात, तर अधिकच बरे.

भाषेच्या तासालाही याचा उपयोग आहे. माझ्या वर्गात प्रकटवाचनाच्या वेळी हुशार मुलेही वाक्याच्या मध्येच धापा टाकीत आणि ‘राजाने प्रधानास’ येथे थांबून ‘बोलाविले’ हे पुढच्या श्वासात म्हणत. त्यांना मी सांगे, की स्वल्पविराम व पूर्णविराम हे श्वासाचे थांबे आहेत. वाचावयास आरंभ करण्यापूर्वी एक सावकाश श्वास घ्या, पूर्णविरामाशी दुसरा घ्या, आणि वाक्य अखंड म्हणा. आवाज न वाढविताही शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाई.

श्वासाच्या व्यायामाचे गुण सांगताना एक इशारा द्यावाच लागतो. आमच्या शाळेत आठवीत एक दम्याचा विद्यार्थी होता. श्वासाच्या व्यायामानेच दमा समूळ जातो, असे कोणाकडून तरी ऐकून घरच्यांनी त्याचे ओढण्याचे औषध बंद केले होते. कबड्डीच्या मैदानावर त्याला जो झटका आला, तो पाहून मी हादरून गेलो. वेळेवर रुग्णालयात नेले म्हणून तो बचावला. दम्यात श्वासनलिका आतून सुजतात व आवळतात, आणि त्या मोकळ्या करण्यास औषधच लागते. पुष्कळ मुलांना ते औषध मित्रांसमोर काढण्याची लाज वाटते. आपल्या वर्गात असा कोणी असेल, तर त्याचे औषध कोणत्या खिशात असते हे शेजारच्या मुलाला ठाऊक असावे. तसेच धुराने भरलेल्या स्वयंपाकघरात कितीही शास्त्रशुद्ध श्वास घेतला, तरी आत जाणार धूरच. तेथे आधी खिडकी उघडावी.

अण्णा आता बहात्तर वर्षांचे आहेत. मळ्यातील विहीर अजून आहे. इंजिन जाऊन तेथे विजेचा पंप आला आहे. सुटीत त्यांची नातवंडे पोहावयास येतात, तेव्हा ते थारोळ्यावर बसून असतात. एकदा त्यांच्या धाकट्या नातवाने पायरीवर उभे राहून छाती भात्यासारखी हलवावयास आरंभ केला. अण्णा काही बोलले नाहीत. काठी टेकीत चार पायऱ्या उतरून खाली गेले आणि त्याच्या पोटावर आपला तळहात ठेवून उभे राहिले. पोराचा श्वास सावकाश होईपर्यंत त्यांनी तो हात काढला नाही. मग म्हणाले, “आता पोह. वरच्यावर.”